लोकल बटण

ज्या चाचणीच्या रिपोर्टवर काकांची सही व्हायची, ती चाचणी थांबवायचं बटण मी बंद करून टाकलं होतं. एका ओळीच्या कमांडने. आणि कित्येक महिने मला त्यात काही खटकलं नाही.

तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत पॉवर बोर्ड तपासायच्या स्क्रिप्ट लिहायचे. काका तिथले टेक्निशियन, माझ्या वडिलांच्या वयाचे. टेबलावरच्या पॉवर सप्लायला नॉब असतात, हाताने फिरवायचे. तोच सप्लाय केबलने कॉम्प्युटरला जोडला की पायथनमधून चालवता येतो. ही केबल मुळात ह्युलेट-पॅकार्डची. १९७५ मध्ये ती 'आयईईई ४८८' या नावाने सगळ्यांसाठी प्रमाण झाली. कॉम्प्युटरने ताबा घेतला की पॅनेलवर 'रिमोट' उमटतं आणि बटणं गप्प होतात. एक सोडून: 'लोकल'. ते दाबलं की ताबा परत माणसाकडे.

हे बटणही बंद करता येतं. त्याला 'लोकल लॉकआउट' म्हणतात. पण ते आपोआप होत नाही, मुद्दाम वेगळी आज्ञा पाठवावी लागते. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे ठरवलं, त्यांनी समोरच्या माणसाचा हात धरून ठेवला नाही. तो धरायचा की नाही, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर सोडलं.

मी धरला. कारण होतं. एकदा काकांनी मध्येच लोकल दाबून व्होल्टेज जरा कमी केलं आणि माझ्या रिपोर्टमध्ये २४ व्होल्टच छापलं गेलं. खोटा आकडा ग्राहकाकडे गेला. (मोजलेला आकडा न लिहिता मी दिलेला आकडा लिहीत होते, ही चूक माझीच. पण तेव्हा ती मला सोयीस्करपणे दिसली नाही.) काकांनी व्होल्टेज का कमी केलं, हेही मी विचारलं नाही.

मग एका दुपारी एका बोर्डवर कपॅसिटर उलटा बसलेला निघाला. करंट वाढला, पण मी घातलेल्या मर्यादेच्या आतच, त्यामुळे स्क्रिप्टच्या लेखी सगळं ठीक. काकांना वास आला. त्यांनी लोकल दाबलं, परत दाबलं. केबल उपटली असती तर पॅनेल जिवंत झालं असतं, पण आउटपुट चालूच राहिलं असतं. लोकलवर येणं म्हणजे बंद होणं नव्हे. रॅकमधल्या त्या सप्लायचा स्विच मागच्या बाजूला. शेवटी त्यांनी भिंतीवरचा मेन पाडला. तेवढ्यात कपॅसिटर फुटला होता. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं.

संध्याकाळी रिपोर्टवर सही करायला काकांनी नकार दिला. आवाज न चढवता म्हणाले, "अगं, मला थांबवता येत नाही, तर ही टेस्ट मी केली असं कसं लिहू? तूच कर सही."

मी चिडले. सही ही माझ्या दृष्टीने एक औपचारिकता होती. रात्री मात्र झोप येईना. जे करणं माणसाच्या हातात नाही त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, हे कान्टच्या नावावर सांगितलं जाणारं तत्त्व मी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. इथे मी माणसाच्या हातातली गोष्ट काढून घेतली होती आणि जबाबदारी मात्र त्याच्याच नावावर ठेवली होती. बरं, काकांना सगळी मोकळीक द्यावी, तर आकड्यांचा भरवसा जातो. हाही प्रश्न खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅन्युअल उघडलं. १९८७ च्या पुढच्या प्रमाणात, ४८८.२ मध्ये, एक स्टेटस बिट आहे: 'यूजर रिक्वेस्ट'. पॅनेलवर कुणी काही मागितलं तर यंत्र ते कॉम्प्युटरला कळवू शकतं. आमच्या सप्लायमध्ये ते चालत होतं. लॉकआउट काढला. आता लोकल दाबलं की स्क्रिप्ट थांबते, आउटपुट बंद करते, वेळ नोंदवते आणि कारण विचारते. काका कारणात बहुतेक वेळा एकच शब्द टाइप करायचे: "वास".

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. इथली यंत्रं नेटवर्कवर असतात आणि रात्रीच्या चाचण्या मी घरून लावते. लॅबमध्ये तेव्हा कुणीच नसतं. लॉकआउट मी इथेही लावत नाही. काल साडेअकराला चाचणी सुरू केली आणि लॅपटॉप मिटायच्या आधी बराच वेळ करंटच्या आकड्याकडे बघत बसले.