गाठ कुणाची?

निवृत्त माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळेच सांगतात. दोन छंद एकदम लावून घेऊ नयेत, हे मात्र कोणी सांगत नाही. अस्मादिकांनी मॅक्रमे आणि पुंजभौतिकी या दोन्हींना एकाच पावसाळ्यात हात घातला. मॅक्रमे म्हणजे सुती दोरीला शोभेच्या गाठी मारून कुंड्यांची शिंकाळी करण्याची कला, आणि पुंजभौतिकी म्हणजे अणूच्या पोटातल्या कारभाराचं शास्त्र. पहिलीमुळे घरात कुंड्या लटकल्या, दुसरीमुळे मी. आमच्या हिच्या मते पहिलीतून निदान शिंकाळं तरी निघतं.

पण या दोन विद्यांचं सोयरं जुनं आहे. १८६७ साली विल्यम थॉमसन (हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले) यांनी त्यांचे स्नेही पीटर टेट यांच्या प्रयोगात धुराची वलयं पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतलं की, अणू म्हणजे ईथर नावाच्या सर्वव्यापी पदार्थातले भोवरेच. वेगळं मूलद्रव्य म्हणजे वेगळी गाठ! टेटसाहेब उमेदीने गाठींचे तक्ते करायला बसले. पुढे ईथरच निकालात निघाला. दोरी नाहीशी झाली आणि गाठी तेवढ्या हातात राहिल्या! त्या गणितवाल्यांनी सांभाळल्या, आणि आज गाठींचं एक स्वतंत्र गणित आहे. लग्न मोडलं, पण आचाऱ्याचं नाव झालं, त्यातला प्रकार.

दोरी घेऊन बसलं की मला नेहमी प्रश्न पडतो, गाठ म्हणजे नक्की काय? दोरी मापता येते, तोलता येते. गाठ सोडली तर दोरी होती तेवढीच उरते. मग गाठ गेली कुठे? दुकानदार पैसे घेतो तेही दोरीचे. आणि दोन दोऱ्या एकमेकींना बांधल्या, तर ती गाठ कुठल्याही एका दोरीत शोधून सापडत नाही. ती हिचीही नसते, तिचीही नसते. ती दोघींच्या मधली असते.

पुंजभौतिकीतला गुंता हा असाच. हे नाव १९३५ साली श्रोडिंजर यांनी दिलं. दोन कण एकदा विशिष्ट रीतीने एकमेकांच्या संबंधात आले, की लांब गेले तरी दोघांचं खातं एकत्रच राहतं. जोडीविषयी सगळं पक्कं असतं. एकाची गिरकी वर, तर दुसऱ्याची खाली. पण त्यातला एकटा कण घेऊन ‘तुझं काय?’ म्हणून विचारलं, तर मोजेपर्यंत त्याचं स्वतःचं असं काही ठरलेलंच नसतं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आइन्स्टाइनला ही भुताटकी वाटली. १९६४ साली जॉन बेल यांनी या भुताची परीक्षा कशी घ्यायची ते सांगितलं. पुढच्या प्रयोगांत भूतच खरं ठरलं, आणि त्याबद्दल २०२२ सालचं नोबेल पारितोषिक तिघांना वाटून मिळालं. आपल्याकडे लग्नात उपरण्याची आणि शालूची गाठ मारतात. ती त्याच दिवशी सोडतातही. तरी माणसं सुटत नाहीत, हे सांगायला आपल्याला नोबेलची गरज भासली नव्हती.

आणि तरीही स्थळाची चौकशी करताना आपण हमखास विचारतो, ‘मुलगा मुळात कसा आहे हो?’ मुळात म्हणजे कोणाबरोबर असताना? साहेबासमोर, की आईसमोर, की रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून बोलताना?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका-काकू होते. काका म्हणाले पाऊस येणार, की काकू वाळवण घालायच्या. काकांनी पंखा लावला, की काकू शाल घ्यायच्या. चहात साखर किती, म्हणून विचारलं तर काकूंचं उत्तर ठरलेलं, ‘ह्यांच्यापेक्षा एक चमचा जास्त.’ मग काका गेले. पुढे महिन्याभराने काकू आमच्याकडे आल्या, तेव्हा हिने सवयीने साखरेचं विचारलं. काकू नुसत्या बघत राहिल्या. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला आपल्याला चहा किती गोड लागतो, हेच सांगता येईना. हिने काही न बोलता साखरेचा डबा पुढे ठेवला. काकूंनी एक चमचा घातला, घोट घेतला, थोडा विचार केला आणि आणखी अर्धा घातला.

भौतिकी शिकवणारा आमचा भाचा म्हणतो, ‘मामा, माणसं म्हणजे काही कण नव्हेत.’ मी म्हटलं, ‘तू आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेली नाहीस.’ पण त्याचं खरं आहे. ही उपमा फार ताणली तर तुटते. ‘मी मुळात तापट नाही, तू मला तापट करतेस,’ असं म्हणणाऱ्या नवऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. गाठ मधली आहे, मग दोष तरी माझा कसा?

याचं उत्तर मला पुंजभौतिकीत मिळालं नाही, शिंकाळ्यात मिळालं. चार दोऱ्या घ्यायच्या. मधल्या दोन स्थिर ठेवायच्या आणि बाजूच्या दोघींनी त्यांना वेढा घालून गाठ मारायची. दर गाठीला सुरुवात एकाच बाजूने केली, तर सगळी वीण आपोआप पीळ घेत जाते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून अशी आळीपाळीने केली, तर तीच वीण सपाट, सरळ उतरते. दोरी तीच, गाठींची संख्याही तीच. बिघडतं ते कोणाची पाळी कोण घेतो यावर.

म्हणजे गाठ दोघांची असते हे खरं, पण पुढचा वेढा कोणत्या बाजूने घालायचा, ते दर वेळी ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. एवढं कळायला मला सव्वीस वार दोरी लागली. काहींना तर जन्म पुरत नाही.