तासाचे मोल

मोटारदुरुस्तीच्या बिलात सामान्यतः दोन रकाने असतात. एक सामानाचा व दुसरा मजुरीचा. सामानाच्या रकान्यातील आकडा आपण निमूटपणे मान्य करितो, कारण तो वेष्टनावर छापलेला असतो, आणि छापील अक्षरापुढे मान तुकविण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गास लहानपणापासून लागलेली आहे. मजुरीच्या रकान्याशी आल्यावर मात्र आपला आवाज चढतो. "एवढ्याशा कामाचे एवढे?" हा प्रश्न तेथे हमखास निघतो. लोखंडी नळकांड्याची किंमत वादातीत, आणि ते नळकांडे बसविणाऱ्या माणसाच्या तासाची किंमत मात्र वादग्रस्त, हा प्रकार आम्हांस चमत्कारिक वाटतो. हा नुसता काटकसरीचा प्रश्न असता तर त्यासाठी मासिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु एक मनुष्य दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कशावरून ठरवितो, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यास तरी तो टाळता येऊ नये, कारण येथे तो एकदा उघडपणे विचारला गेलेला आहे.

ह्या जिल्ह्यातील एक नेहमीचे काम उदाहरणादाखल घेऊ. देवळी, समुद्रपूर ह्या बाजूंचा कापूस हिंगणघाटच्या बाजारात येतो, आर्वी-कारंजाकडील संत्री बाहेर जातात, आणि पूर्वी जी ने-आण बैलगाडी करीत असे ती आता बहुतांशी 'पिकअप' ह्या नावाने ओळखली जाणारी उघड्या हौद्याची छोटी मालमोटार करिते. येथील जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर उठतो-बसतो. समृद्धी महामार्ग २०२२ साली खुला झाला व तो ह्या जिल्ह्यातून जातो हे खरे. पण कापसाचे शेत महामार्गाला लागून नसते. अशा रस्त्यांवर भरल्या गाडीचा जो भाग लवकर दमतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यास गॅरेजात 'शॉकअप' म्हणतात.

हा भाग गाडीचे ओझे पेलतो असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. ओझे पेलतात ते कमानीचे पाटे. चाक खड्ड्यात गेले की कमान दबते, दबलेली कमान उसळते, आणि तिला कोणी आवरले नाही तर ती कितीतरी वेळ वरखाली होतच राहील. ते आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते व त्या धडपडीत उसळीचा सारा जोर उष्णता होऊन जिरतो. शॉकअप निकामी झाला तरी गाडी चालतच राहते, आणि म्हणूनच मालक दुरुस्ती पुढे ढकलतो. परंतु चाक रस्त्यास धरून राहत नाही, ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते, आणि टायर जागोजाग झिजतात.

तो बदलण्याचे काम ऐकावयास अगदी सोपे. गाडी जॅकवर उचलावी, खाली आधार द्यावा, वरचा व खालचा नट सोडावा, जुना काढून नवा बसवावा. गाडी नवी व नट स्वच्छ असेल तर कसलेला मिस्त्री मागची जोडी तासाभराच्या आत उरकतो. पण दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीखाली तोच मिस्त्री शिरला म्हणजे निराळेच नाटक सुरू होते. नट गंजून जाम झालेला. त्यावर तेल सोडून वाट पाहावयाची, हातोडीने ठोकावयाचे, गॅसने तापवावयाचे, ग्राइंडरने कापावयाचे; आणि एवढे करून बोल्ट आतल्या आत तुटला तर तो काढण्यात दुपार गेलीच म्हणून समजावे. काम तेच, भाग तोच. एका गाडीस एक तास, दुसरीस चार. मजुरी किती घ्यावी?

मोठ्या कार्यशाळांनी ह्याचे उत्तर कोष्टकाने दिले आहे. कोणत्या कामास किती वेळ लागावा हे आधीच लिहून ठेवलेले असते, आणि प्रत्यक्षात कमी लागो वा अधिक, मजुरी कोष्टकातील वेळेचीच आकारावयाची. फ्रेडरिक टेलर ह्या अमेरिकन इंजिनियरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यात घड्याळ लावून कामगारांच्या हालचाली मोजण्यास आरंभ केला, व १९११ साली आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली. हे कोष्टक त्याच कुळातले. ह्यात एक गुण निर्विवाद आहे. घड्याळाप्रमाणे मजुरी दिली तर जो मिस्त्री पंधरा वर्षांच्या अनुभवाने तासाचे काम चाळीस मिनिटांत करितो त्यास कमी पैसे मिळतील, आणि चाचपडणाऱ्यास अधिक. कौशल्यास दंड व अनाडीपणास बक्षीस, असा तो न्याय होईल.

परंतु कोष्टकाची दुसरी बाजू गिऱ्हाइकास दिसत नाही. गंजलेल्या नटाचे तीन तास कोष्टकात नसतात. ते मिस्त्रीच्या पदरी पडतात. मग ते तो कोठेतरी भरून काढितो. शॉकअपच्या टोकास रबरी बुश असतो. गाडी खाली उतरवून तिचे वजन चाकांवर आल्यानंतर त्याचा बोल्ट शेवटचा आवळावयाचा असतो. गाडी अधांतरी असतानाच आवळला तर उतरवल्यावर रबर पिळले जाते व लवकर फाटते. घाईतला माणूस तो अधांतरीच आवळतो. हे गिऱ्हाइकास कधीच कळत नाही. सहा महिन्यांनी बुश फाटला म्हणजे तो म्हणतो, "हल्ली सामानच चांगले येत नाही!"

अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात ही अडचण ओळखली होती. दोन तासांची तुलना घड्याळाने होत नाही. जे कसब शिकण्यास दहा वर्षे लागली त्याच्या एका तासात सोप्या कामाच्या महिन्याहून अधिक श्रम असू शकतात, असे त्याने म्हटले आहे. हा विचार एका न्यायालयात फार नाट्यपूर्ण रीतीने प्रकट झाला. १८७७ साली जॉन रस्किनने व्हिस्लर ह्या चित्रकाराच्या एका चित्रावर कठोर टीका केली: दोनशे गिनी मागून हा मनुष्य लोकांच्या तोंडावर रंगाचे भांडे फेकतो, असा तिचा आशय. व्हिस्लरने अब्रूनुकसानीचा दावा लाविला. १८७८ च्या नोव्हेंबरात उलटतपासणीत त्यास विचारण्यात आले की, दोन दिवसांच्या श्रमाचे तुम्ही दोनशे गिनी मागता काय? त्याने उत्तर दिले की, नाही, जन्मभराच्या ज्ञानाचे मागतो. ज्यूरीने निकाल त्याच्या बाजूने दिला व भरपाई म्हणून एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, देवविली. खर्चाने तो पुढच्याच वर्षी दिवाळखोर झाला. ह्यातील मौज अशी की, रस्किनने ती टीका ज्या पत्रमालेत केली ती इंग्लंडातील कामकऱ्यांस उद्देशून लिहिलेली होती.

आणि ह्याच रस्किनचे 'अन्टु धिस लास्ट' हे पुस्तक, ज्यातील निबंध १८६० साली प्रथम प्रसिद्ध झाले, १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बानला जाताना गांधीजींनी आगगाडीत वाचले, व १९०८ साली 'सर्वोदय' ह्या नावाने त्याचा सारांश गुजरातीत दिला. वकिलाच्या कामाचे मोल न्हाव्याच्या कामाइतकेच, कारण दोघांसही आपल्या श्रमावर पोट भरण्याचा हक्क सारखाच, हे गांधीजींनी त्यातून घेतलेले तत्त्व प्रसिद्ध आहे. पुस्तकाचे नाव ज्या ख्रिस्ती दृष्टांतावरून घेतले आहे त्यातही द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या घटकेस आलेल्या मजुरास सकाळपासून राबणाऱ्याइतकीच मजुरी देतो, आणि सकाळचे लोक कुरकुरतात. आमची सहानुभूती, खरे सांगावयाचे तर, थोडी त्या कुरकुरणाऱ्यांकडेही आहे.

हे तत्त्व वर्ध्यास व्यवहारात उतरले. १९३४ च्या डिसेंबरात येथे ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि दुसऱ्याच वर्षी चरखा संघाने सूत कातणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. तोवर ही मजुरी बाजारभावाने, म्हणजे गरजू बाई जितक्या कमीत राजी होईल तितकी, दिली जात असे. गांधीजींस आठ तासांचे आठ आणे इष्ट वाटत होते. व्यवहारात तीन आण्यांचे धोरण ठरले. आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे आठ तास नुसते बसून काढलेले तास नव्हते. ते कसून केलेल्या कामाचे तास होते. अशा आठ तासांत किती सूत निघावे ह्याचे प्रमाण धरून त्यावरून दर बसवावयाचा. म्हणजे कोष्टक येथेही होतेच! भेद इतकाच की, मोटारीच्या कार्यशाळेत कोष्टकातील वेळेस बाजाराचा दर लाविला जातो, आणि येथे तो दर पोटास किती लागते व अंगावर कापड किती लागते ह्यावरून काढिला. नालवाडीस विनोबांनी तर सूतकताईच्या मजुरीवरच स्वतःचा निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग केला होता. दर खरा की खोटा हे पाहण्याची ह्याहून सरळ रीत आम्हांस ठाऊक नाही.

ह्याचा परिणाम काय झाला? खादी महाग झाली, आणि घेणारे कुरकुरू लागले. ते घेणारे कोण होते? बहुतांशी तुमच्याआमच्यासारखेच, शिकलेले व दरमहा पगार घेणारे लोक. बाईस पोटभर मजुरी मिळावी हे त्यांस मान्य होते. ती आपल्या खिशातून जावी हे तितकेसे मान्य नव्हते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मिस्त्रीचे काम आम्हांस कळत नाही, तो फसवीलही, मग घासाघीस करावयाची नाही काय? फसवणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. न बदललेल्या भागाचे पैसे घेणारे आहेत, चांगला भाग निकामी ठरविणारेही आहेत. परंतु घासाघिशीने फसविणाऱ्याचे काही बिघडत नाही. तो आपला आकडा आधीच वाढवून ठेवितो. तोटा होतो तो खरा आकडा सांगणाऱ्यास. रस्किनने ह्याच कारणासाठी म्हटले होते की, चांगल्या व वाईट कारागिराचा दर एकच असावा; चांगल्यास काम द्यावे, वाईटास देऊ नये. वाईटास निम्म्या दराने येण्याची मुभा दिली म्हणजे तो चांगल्याचेही काम बिघडवितो. ज्या गॅरेजात बोल्ट नीट खाली उतरवून आवळला जातो, त्याच्या शेजारी शंभर रुपये स्वस्त असे दुसरे उभे राहते आणि आपण तिकडे जातो. वर्षभराने पहिल्यानेही अधांतरी आवळण्यास आरंभ केला, तर त्यात आपला वाटा नाही असे कसे म्हणता येईल?

आमचा अभिप्राय स्पष्ट आहे. दर कामाचा ठरलेला असावा, आणि मिस्त्रीने ते लवकर संपविले तर उरलेला वेळ त्याचा, आपला नव्हे. गंज मात्र गाडीचा आहे, आणि गाडी मालकाची. तेव्हा गंजाचे तास मालकाने सोसावे. अट एकच की नट जाम आहे हे कळताच मिस्त्रीने काम थांबवून तो दाखवावा व पुढचा खर्च सांगावा. शल्यवैद्य हेच करितो व त्यास आपण कुरकुर न करिता संमती देतो.

आमच्या व्यवसायातील एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पुष्कळ अध्यापक 'तासिका तत्त्वावर' नेमलेले असतात. वर्गात उभे राहिलेल्या तासाचे पैसे मिळतात. तो तास तयार करण्यास लागलेल्या रात्रीचे नाहीत, सुट्टीच्या महिन्यांचेही नाहीत. ह्या पद्धतीचा अन्याय प्राध्यापकमंडळीस पटकन समजतो व ती त्यावर तावातावाने बोलतात. तीच मंडळी सायंकाळी गॅरेजात जाऊन "अर्ध्या तासाचे काम, आणि एवढे पैसे?" असे विचारताना आम्ही ऐकिली आहेत.

एक हिशेब मात्र आम्हांस अजून जुळविता आलेला नाही. गाडीखाली मिस्त्री असतो, आणि बाजूस हातात बॅटरी धरून, पाने पुरवीत, काळ्या तेलाने माखलेला एक शिकाऊ मुलगा उभा असतो. चौदा वर्षांखालील मुलास असे ठेवण्यास कायद्याची बंदी आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हाच धंदा दोन वर्षांत शिकविला जातो. तरी पुष्कळांचे शिक्षण अशाच रीतीने होते. त्यास थोडेच पैसे मिळतात, कारण तो शिकत आहे. मिस्त्रीच्या चाळीस मिनिटांचा दर आपण देतो तो, स्मिथच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच्या शिकण्याच्या वर्षांची भरपाई म्हणून. पण ती वर्षे सर्वांचीच भरून निघत नाहीत. पाच मुलांतला एखादा मिस्त्री होतो; बाकीचे कोणी हमालीस लागतात, कोणी पिकअप चालवितात. त्यांचे तास कोणाच्या बिलात लिहावे?