श्रमांचे ऋण की श्रमांचे अर्पण?

आप्तांसाठी मनुष्य जे कष्ट सोसतो ते सर्वच निष्काम असतात, असा सामान्य समज आहे. परक्याच्या कामाचा मोबदला घ्यावा, घरच्यांच्या कामाचा कोण मागतो, असे सहज म्हटले जाते. परंतु सूक्ष्म विचार केला असता असे आढळते की, फलाची आसक्ती स्वजनांच्या सेवेत जितकी बेमालूम लपते, तितकी ती अन्यत्र क्वचितच लपत असेल.

एक नित्याचे उदाहरण घ्यावे. धाकट्या बहिणीला वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रवेश मिळाला आहे आणि थोरला भाऊ तिला पोचविण्यास मुंबईहून निघाला आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येतात. भुसावळ, इटारसी, जबलपूर या मार्गाने हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. गाडीला एक अहोरात्र लागते, बहुधा त्याहूनही अधिक. पावसाळ्यातील दमट हवा, डब्यातील दाटी आणि दोघांत मिळून निजण्याची एकच जागा. बहीण निजते, भाऊ तिच्या पायथ्याशी बसून, सामानावर लक्ष ठेवीत रात्र काढतो. उतरल्यावरही विसावा नाही. कागदपत्रांची पडताळणी, शुल्क, वसतिगृहाची खोली, मग बाजारातून गादी, बादली, कुलूप. हे सर्व लावून झाले की तोच प्रवास उलट दिशेने, एकट्याने.

हे कर्म उत्तम आहे, याविषयी शंका नाही. शरीराला क्लेश होतील या भयाने कर्तव्य टाकून देणे, याला गीतेच्या अठराव्या अध्यायात राजस त्याग म्हटले आहे. तशा त्यागाने त्यागाचे फळ मिळत नाही. म्हणून जेथे सोबतीची खरी गरज आहे, तेथे अंग चोरून त्याला अनासक्ती असे गोंडस नाव कोणी देऊ नये.

परंतु त्याच अध्यायात पुढे दुसरीही सूचना आहे. फलाच्या इच्छेने किंवा अहंकाराने, पुष्कळ आयास करून केलेले कर्मही राजसच होय. याचा अर्थ असा की, श्रमांच्या मापावरून कर्माची योग्यता ठरत नाही. भाऊ किती शिणला, हा प्रश्न गौण आहे. तो शीण त्याने पुढे कशासाठी वापरला, हा मुख्य आहे.

याची कसोटी गाडीत लागत नाही. ती वर्षा-दोन वर्षांनी लागते. सुटीत घरी आलेली बहीण म्हणते, "दादा, हा विषय मला पुढे न्यायचा नाही. माझं मन दुसरीकडे रमतं." आणि भाऊ उत्तरतो, "रात्रभर जागून तुला काशीला पोचवली, ती याचसाठी का?" प्रवास तर केव्हाच संपला होता, त्याचे भाडे मात्र आता मागितले जात आहे. जे अर्पण वाटत होते, ते कर्ज होते आणि त्याची वसुली बहिणीच्या निर्णयस्वातंत्र्यातून व्हावयाची आहे.

मग भावाने काही बोलूच नये काय? तसे नाही. निर्णय उतावळा वाटल्यास त्याने कारणे सांगावीत, घरची सांपत्तिक स्थिती स्पष्ट करावी, पुढील अडचणी दाखवाव्यात. विषयाचे गुणदोष हे विचाराचे साधन आहे; स्वतःचा शीण हे दडपणाचे साधन आहे. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे वाग, असेच सांगितले. जेथे जगद्गुरू शिष्याचा निर्णय हिरावून घेत नाहीत, तेथे एका जागरणाच्या बळावर भावाने तो घ्यावा काय?

महाराष्ट्रापुढे याचा आदर्श आहेच. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरूही. गीतेवरील टीका पूर्ण झाल्यावर त्यांनी ज्ञानेश्वरांना स्वानुभवाचा स्वतंत्र ग्रंथ रचण्यास सांगितले आणि त्यातून 'अमृतानुभव' निर्माण झाला, अशी परंपरा आहे. वडीलपणाची परिपूर्ती धाकट्याला आपल्या मागून चालविण्यात नसून, त्याला त्याच्या पायांनी चालू देण्यात आहे.

बहिणीने भावाचे कष्ट विसरावेत, असा याचा अर्थ नव्हे. कृतज्ञता हा घेणाऱ्याचा धर्मच आहे. परंतु देणाऱ्याने ती मागितली की ती कृतज्ञता उरत नाही, फेड होते. आणि फेड पूर्ण झाली की नातेही व्यवहारापुरतेच राहते.

म्हणून स्वजनांसाठी श्रम करणाऱ्याने काम अंगचोरपणा न करता, नीट आणि प्रेमाने करावे. पण परतीच्या गाडीत बसताना त्याचा हिशेब बरोबर घेऊ नये. शरीराचा शीण घरी पोचल्यावर एका झोपेने जातो. मनात जपून ठेवलेला शीण वर्षानुवर्षे जात नाही, आणि तो स्वतःबरोबर दुसऱ्यालाही शिणवितो.