खाडे

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कोठ्यात बैलांची खांदशेकणी होई. कोमट पाण्यानं खांदा शेकायचा, हळद नि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे सारं आमचा सालदार करी. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, म्हणून शेती सगळी पावसावर. पाऊस लागला की पेरणी, डवरणी, निंदण एकदमच अंगावर येई. बैलांच्या खांद्याला आणि मामाच्या पायांना पोळ्यापर्यंत उसंत नसे.

पोळा फुटला की जोडी दारात येई. आई ओवाळी, बैलांना पुरणपोळी चारी. मग मामाला नवं धोतर, सदरा, टोपी. एरवी कोठ्यात बसून वेगळ्या जर्मनच्या ताटात जेवणाऱ्या मामाला त्या दिवशी ओसरीवर आमच्या पंगतीत पाट असे. वर्षभर ‘घे रे’ म्हणणारे आबा त्या दिवशी ‘घ्या’ म्हणत. मला ते फार आवडायचं. वाटायचं, आपल्या घरी माणसाची कदर आहे.

साल गुढीपाडव्याला सुरू होई, गुढीपाडव्यालाच संपे. ठरलेली ज्वारी, ठरलेली रोकड, त्यातून उचल वजा, खाडे वजा. एका वर्षी कापूस वेचणीच्या तोंडावर मामाला हिवताप झाला. अकरा दिवस तो उठला नाही. पाडव्याला आबांनी वही काढली आणि अकरा खाडे धरले. मामा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला,

“मालक, पोळ्याले धोतर नोका देऊ. पन आजारपनाचे खाडे नोका धरू.”

आबा चिडले. “इतकं करतो आपन, तरी याले त्याची जान नाई!” असं आईला ऐकवत राहिले. मामानं त्या वर्षी साल धरलं नाही.

आबा वाईट नव्हते. सोसायटीचं कर्ज त्यांच्याही डोक्यावर होतं आणि मामावर त्यांचा जीव होता, हे खोटं नव्हतं. म्हणूनच हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. ज्याच्यावर जीव आहे, त्याचे तापातले अकरा दिवस कापताना हात कसा अडखळत नाही?

मला आता असं वाटतं, की धोतर देताना आबा मोठे होत. खाडे सोडून दिले असते तर ते नुसते बरोबर ठरले असते. मोठं होण्यात गोडी आहे, बरोबर ठरण्यात ती नाही. शिवाय धोतर कधी द्यायचं, केवढ्याचं द्यायचं, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. घेणाऱ्यानं हात जोडायचे. हक्काच्या पैशाला हात जोडावे लागत नाहीत आणि मालकाला नेमकं तेच जड जातं.

मामाच्या तोंडी गाडगेबाबांचं नाव नेहमी असे. बाबांचा जन्म 1876 चा, आमच्या जिल्ह्यातल्या शेंडगावचा. पण लहानपण गेलं शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी, गुरं वळण्यात नि वावरात राबण्यात. पुढं ते गावोगाव फिरले तेव्हा आधी गाव झाडायचे, मग भाकर घ्यायचे. कोणी पाया पडायला वाकलं तर काठी उगारायचे. कामाची भाकर घ्यायला त्यांना कधी संकोच वाटला नाही, मान मात्र त्यांनी झिडकारला. आम्ही मालक लोक उलटं करतो. मान देतो, भाकरीत काटछाट करतो.

पण नुसता हिशेब चोख ठेवला म्हणजे झालं, असंही नाही. त्याच वर्षी ज्येष्ठात आबा मामाच्या घरी गेले. मी सोबत होतो. खालच्या वावरात पाणी साचायचं, पेरणी कोणत्या धुऱ्याकडून धरावी हे नव्या गड्याला कळेना. आबा बाजेवर बसले आणि त्यांनी विचारलं. मामा तासभर बोलत होता. काडीनं मातीत वावर काढून दाखवलं. त्याचा चेहरा मी धोतर घेतानाही तसा पाहिला नव्हता. निघताना चहा आला, आबांनी तो घेतला. त्या घरचा चहा त्यांनी पहिल्यांदाच घेतला होता. मामा मात्र सालावर परत आला नाही.

पुढं 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला, 1979 पासून लागू झाला. गड्याला बांधाचं, रस्त्याचं काम मागता येऊ लागलं, तशी गावातल्या मालकांची जीभ मऊ झाली. आबांनीही आजारपणाचे खाडे धरणं सोडलं. ते मनातून सोडलं की गडी मिळेना म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तापानं फणफणलेल्या माणसाला त्यानं फरक पडत नाही, एवढं खरं.

आता अकोल्यात माझं छोटं दुकान आहे. तिघं कामाला आहेत. दिवाळीला मिठाईचा पुडा देण्याची रीत मीही पाळतो. यंदा पुडे आणण्याआधी हजेरीचं रजिस्टर काढलं. एकाचे चार दिवस कापलेले दिसले, त्याची लहान पोरगी दवाखान्यात होती तेव्हाचे. कापले मीच होते. ते पैसे आधी त्याच्या हातात दिले. त्यानं मोजले, खिशात घातले आणि कामाला लागला. आभाराचा एक शब्द नाही.

मला जरा लागलं. मग वही घेऊन बसलेले आबा आठवले.

पुडा मी दिवाळीलाच दिला.