चेहऱ्याचे ऋण

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांच्या बैठकीच्या खोलीत, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या आसपास, घरातल्या माणसांची छायाचित्रे टांगलेली असतात. आजी-आजोबांचे लग्न, मुलांचे प्रथम ख्रिस्तशरीर, परदेशी गेलेल्या लेकाचे कुटुंब. ही छायाचित्रे काढली कोणी, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. परंतु त्यांतील माणसांची नावे घरातले लहान पोरही बोट ठेवून सांगते. आज वाचकांपुढे आम्ही ज्या छायाचित्राचा विषय मांडत आहोत, त्याचा प्रकार नेमका उलटा आहे. ते काढणाऱ्या बाईंचे नाव जगभर झाले. ज्यांचे काढले त्या बाईंचे नाव ४२ वर्षे जगाला ठाऊक नव्हते. चांगल्या हेतूने, चांगल्या कार्यासाठी दुसऱ्याचा चेहरा घेतला, तर त्या माणसाचे काही देणे आपल्या अंगावर उरते काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. आणि तो केवळ छायाचित्रकारांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

डोरोथिया लँग या अमेरिकन बाई पोटासाठी छायाचित्रे काढणाऱ्या. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि एक पाय जन्माचा अधू राहिला. १९१८ साली त्या सॅन फ्रान्सिस्कोस आल्या आणि लवकरच त्यांनी तेथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. शहरातील धनिक कुटुंबे त्यांचे गिऱ्हाईक. या धंद्याची एक रीत असते. समोर बसलेला माणूस पैसे देतो, म्हणून तोच मालक असतो. कोणता पोशाख, कोणती बाजू, कोणते छायाचित्र ठेवायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे सारे त्याच्या मर्जीने ठरते. पसंत पडले नाही तर तो पुन्हा काढून मागतो. (आपल्याकडच्या लग्नांत तर वधूवर कधीकधी वेदीकडे पाठ करून, छायाचित्रकाराच्या इशाऱ्यावर हसतात, आणि धर्मगुरू हातात विधीचे पुस्तक घेऊन ताटकळत उभा राहतो! असो.) मग १९२९ ची मंदी आली. स्टुडिओच्या खिडकीतून बेकारांच्या रांगा दिसू लागल्या, आणि १९३३ साली लँगबाई कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याबरोबर धंद्याची सारी रीत पालटली. आता समोरचा माणूस पैसे देणारा नव्हता आणि पसंती-नापसंती सांगणाराही नव्हता. त्याला विचारले गेले तर विचारले गेले.

मार्च १९३६. लँगबाई त्या वेळी अमेरिकन सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करीत होत्या. महिनाभराचा दौरा आटोपून, पावसातून मोटार हाकीत त्या घरी परतत होत्या. कॅलिफोर्नियातील निपोमो या गावाजवळ रस्त्याच्या कडेला मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या थांबल्या नाहीत. सुमारे वीस मैल पुढे गेल्यावर मात्र मनाची चलबिचल असह्य झाली, आणि त्या मोटार वळवून परत आल्या. मटारचे पीक बुडाले होते आणि शेकडो माणसे कामावाचून अडकून पडली होती. एका फाटक्या तंबूच्या तोंडाशी एक स्त्री आपल्या मुलांसह बसली होती. लँगबाई सरळ तिच्याकडे गेल्या.

त्यांच्या हातातील यंत्राविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ग्राफ्लेक्स नावाचा तो कॅमेरा म्हणजे एक अवजड पेटी. तिच्यात चार इंच बाय पाच इंचांच्या फिल्मचे सुटे पत्रे घालावे लागत. वरच्या बाजूस चामड्याचे उभे नळकांडे. त्यात मान खाली घालून पाहिले की आतील आरशामुळे समोरचे दृश्य काचेवर दिसे. छायाचित्रकार अशा वेळी समोरच्या माणसाकडे पाहत नाही, पेटीत पाहतो. मस्तक लववून उभा असल्यासारखा दिसतो. कळ दाबताच आतला आरसा वर उचलला जातो आणि काच काळी पडते. म्हणजे ज्या क्षणी फिल्मवर चेहरा उमटतो, नेमक्या त्या क्षणी तो छायाचित्रकाराला दिसत नसतो. प्रत्येक वेळी नवी फिल्म पुढे आणायची, आरसा खाली घ्यायचा, पुन्हा मान लववायची. अशा यंत्राने चोरून छायाचित्र घेता येत नाही. त्या स्त्रीला सारे दिसत होते. तिने हरकत घेतली नाही.

लँगबाईंनी पुढे १९६० साली आपली आठवण लिहून ठेवली आहे. एकाच दिशेने जवळ जवळ सरकत त्यांनी पाच छायाचित्रे घेतली, असे त्या सांगतात; अभ्यासकांनी नंतर आणखी मोजली. शेवटच्या छायाचित्रात दोन मुले आईच्या खांद्यांवर मान टाकून पाठमोरी आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे, आईचा उजवा हात गालाशी आहे आणि तिची दृष्टी कॅमेऱ्याच्या पलीकडे कोठेतरी लागली आहे. सारे काम दहा मिनिटांचे. तिने लँगबाईंना आपले वय सांगितले. ते ३२ होते. नाव विचारले नाही. ही छायाचित्रे आपल्या उपयोगी पडतील हे तिने ओळखले असावे, म्हणून तिने मला साहाय्य केले आणि मी तिला, त्यात एक प्रकारची बरोबरी होती, अशा आशयाचे त्या लिहितात.

बरोबरी खरोखर होती काय? आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून घेऊ. कारण लँगबाईंवर सरसकट दोष ठेवणे अन्यायाचे होईल. छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रात त्याच महिन्यात छापली गेली आणि सरकारने तळावर २० हजार पौंड अन्न धाडले. भुकेल्यांच्या तोंडी घास पडला, हे केवढे काम! शिवाय छायाचित्र सरकारी नोकरीत काढलेले, म्हणून ते साऱ्या जनतेचे झाले, कोणीही छापावे. लँगबाईंनाही त्याच्या छपाईचे मानधन मिळत नव्हते. आणि आपल्या अधू पायामुळे दुःखितांविषयी त्यांना जो कळवळा होता, तो त्यांच्या प्रत्येक छायाचित्रात दिसतो. दयेचे सोंग करणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

तरीही गोष्ट येथे संपत नाही. अन्न येऊन पोहोचले तेव्हा ती स्त्री तळावर नव्हती. तिच्या कुटुंबाची मोटार नादुरुस्त झाली होती. ती दुरुस्त होताच ते पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. ज्या चेहऱ्याने हजारोंना अन्न मिळवून दिले, त्या चेहऱ्याच्या वाट्याला त्यातला कणही आला नाही. या मजुरांनी पोटासाठी मोटारीचे टायर विकले, असे लँगबाईंनी लिहिले. कुटुंबाने पुढे ते साफ नाकारले. नाव न विचारल्यामुळे खरेखोटे करण्याचा मार्गच उरला नव्हता.

१९७८ साली कॅलिफोर्नियातील एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने तिचा शोध लावला. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे त्यांचे नाव. त्या चेरोकी या आदिवासी जमातीच्या होत्या. १९३१ साली पती निवर्तल्यावर शेतांत राबून त्यांनी मुले वाढविली होती. वृत्तपत्रांना त्यांनी सांगितले ते असे : हे छायाचित्र काढलेच नसते तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, त्या बाईने नाव विचारले नाही, छायाचित्रे विकणार नाही आणि एक प्रत पाठवीन असे ती म्हणाली होती, ती प्रत कधीच आली नाही. या अखेरच्या बोलण्याला साक्षीदार नाही, आणि लँगबाई १९६५ सालीच वारल्या होत्या. तेव्हा तसे वचन दिले गेले की नाही याचा निवाडा कोणी करू नये. परंतु एवढे उघड आहे की, दहा मिनिटांची ती भेट लँगबाईंच्या स्मरणात बरोबरीची म्हणून राहिली आणि फ्लॉरेन्सबाईंच्या स्मरणात उधारीची म्हणून.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला पढविले गेले की, कृत्य चांगले की वाईट हे ठरविताना त्याचा विषय, हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही पाहावीत, आणि एकटा चांगला हेतू बाकीच्यांची भरपाई करू शकत नाही. येथे हेतू निर्मळ आहे. छायाचित्र काढणे हे कृत्यही स्वतःत निर्दोष आहे. मग खोट कोठे? आमच्या मते ती परिस्थितीत आहे. एका बाजूस सरकारी ओळखपत्र, मोटार, यंत्र आणि परत जाण्यास घर. दुसऱ्या बाजूस चिखल, पावसात भिजलेला तंबू आणि भुकेली मुले. अशा ठिकाणी जो ‘नाही’ म्हणत नाही, त्याने ‘होय’ म्हटले असे धरता येते काय? सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओत बसणाऱ्या श्रीमंत बाईचा होकार आणि निपोमोच्या तंबूतील मौन ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे आठवते. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार महात्मा गांधींचे चरख्यापाशी बसलेले छायाचित्र घेण्यास आल्या. तुम्हांला सूत कातता येते काय, असे त्यांना गांधीजींच्या चिटणीसांनी विचारले. येत नव्हते. मग आधी त्यांना चरख्याचा धडा घ्यावा लागला. शिवाय फ्लॅशचे तीनच दिवे वापरण्याची मुभा मिळाली, आणि त्यांतील पहिले दोन प्रयत्न वाया गेले! गांधीजींना अट घालता आली, कारण ते गांधीजी होते. अंगावर पंचाच असला तरी त्यांच्या शब्दाला वजन होते. फ्लॉरेन्सबाईंना अशी अट घालता आली असती, तर त्यांनी काय मागितले असते? बहुधा फार थोडे.

येथे संत थॉमस अक्विनास यांचा आधार घेतल्यावाचून राहवत नाही. ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे ते म्हणतात. दया ही त्याच्या पलीकडची वस्तू. दयेच्या भरात न्याय विसरणे मोठे सोपे असते, कारण दया करताना आपण आपल्याच नजरेत उंच होतो, आणि न्याय करताना केवळ देणे फेडतो. नाव विचारणे, प्रत पाठविणे, छापण्यापूर्वी सांगणे ही दयेची कृत्ये नाहीत. ती देणी आहेत, आणि लहान आहेत म्हणून ती राहून जातात.

आणखी एक गोष्ट आम्हां कॅथलिकांच्या विशेष ध्यानी येण्यासारखी आहे. या छायाचित्राकडे पाहून अनेकांना मरियामाता आणि बाळ येशूच्या चित्रांची आठवण झाली, आणि तसे लिहिलेही गेले. आठवण होते हे खरेच. पण तशी आठवण झाली की पाहणारा हळूहळू त्या चित्रांकडे वळतो, आणि समोरची बाई मागे पडते. ती माता होते, दारिद्र्याचे प्रतीक होते, एका कालखंडाची खूण होते. १९९८ साली अमेरिकन टपाल खात्याने तिचे तिकीट काढले (किंमत ३२ सेंट, योगायोगाने तिच्या वयाएवढीच). त्याच वर्षी लँगबाईंच्या हस्ताक्षरातील टिपणे असलेली एक प्रत लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना गेली. आपल्या आईचा चेहरा वृत्तपत्रात पाहून आम्हांला लाज वाटे, असे तिच्या एका मुलीने २००८ साली सांगितले. प्रतीकाला लाज वाटत नसते, लेकरांना वाटते.

हे सारे अमेरिकेचे झाले म्हणून वाचकांनी निश्चिंत राहू नये. २०२० सालच्या टाळेबंदीत देशभर शिधावाटप झाले, आणि पाच किलो तांदळाची पिशवी देताना देणाऱ्यांचे दहा हात आणि घेणाऱ्याचा एक चेहरा, अशी छायाचित्रे घरोघरच्या फोनवर फिरली. घेणारा बहुधा खाली पाहत असे. आपल्या सेवाभावी संस्थांच्या वार्षिक अहवालांतही अनाथ मुले, आजारी माणसे, पाड्यांवरील माता यांचे चेहरे असतात. देणगीदाराला विश्वास वाटावा म्हणून ते छापावे लागतात, हे व्यवहाराचे म्हणणे आम्ही समजू शकतो. चेहरा पाहिल्यावाचून पुष्कळांचा हात खिशात जात नाही. परंतु त्या अहवालाची प्रत त्या मातेच्या पाड्यावर जाते काय? आपण कोठे छापलो गेलो हे तिला कोणी वाचून दाखविले आहे काय? आणि छायाचित्राखाली ‘एक लाभार्थी’ असे लिहिण्याऐवजी, तिची संमती असल्यास, तिचे नाव लिहिण्यास कोणाची हरकत आहे? कदाचित ती नकार देईल. मग छायाचित्र छापू नये. देणगी थोडी कमी येईल.

फ्लॉरेन्सबाई १९८३ साली अर्धांगवायूने अंथरुणास खिळल्या. उपचारांचा खर्च झेपेना, तेव्हा मुलांनी लोकांना आवाहन केले. आणि ज्या छायाचित्राने त्यांना पूर्वी काही दिले नव्हते, त्याच्याच आठवणीने ३५ हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमली. देणग्यांबरोबर सुमारे दोन हजार पत्रे आली. हे छायाचित्र आम्हांला शापासारखेच वाटत आले होते, पण ती पत्रे वाचून थोडा अभिमान वाटला, अशा अर्थाचे त्यांचा एक मुलगा म्हणाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या देवाघरी गेल्या. कॅलिफोर्नियातील ह्यूसन येथे त्यांची कबर आहे. शिळेवर त्यांचे संपूर्ण नाव कोरलेले आहे, आणि त्याच्या खाली, छायाचित्रामुळे जगाने त्यांना दिलेले ‘स्थलांतरित माता’ हे दुसरे नाव.