वरचे शेत, खालचे शेत



मदीनेजवळच्या हर्रा या काळ्या खडकाळ भूमीवरून पावसाचे पाणी पाटांनी खजुरीच्या बागांत उतरत असे. एका पाटाच्या वरच्या अंगाला हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांची बाग होती, खालच्या अंगाला एका अन्सारी गृहस्थाची. पाणी न अडवता खाली येऊ द्यावे, असा अन्सारीचा आग्रह होता. जुबैर (रजि.) यांना तो मान्य नव्हता. वाद प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आला. आपली बाग भिजवून घ्या आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडा, असे त्यांनी जुबैर (रजि.) यांना सांगितले. अन्सारी संतापला. जुबैर आपल्या आत्याचे चिरंजीव, म्हणूनच ना हा निवाडा, असे तो बोलून गेला. प्रेषितांचा चेहरा पालटला. मग त्यांनी जुबैर (रजि.) यांना त्यांचा पुरता हक्क दिला : पाणी बांधाला लागेपर्यंत रोखून धरा. जाणकारांनी ती उंची पुढे मोजली, ती घोट्याइतकी भरली.

सहीह बुखारीतील ही हदीस आपण बहुधा आज्ञापालनाचा धडा म्हणून ऐकतो आणि ते योग्यच आहे. परंतु हा पाण्याचाही निवाडा आहे. त्यात दोन मापे आहेत. पहिले माप सौजन्याचे होते. त्यात वरच्याने आपल्या हक्कातले थोडे सोडायचे होते. दुसरे माप न्यायाचे. सौजन्यावरच शंका घेतली गेल्यावर न्याय उरला, आणि त्यात खालच्याचे नुकसानच झाले. तरीही लक्षात घ्या, वरच्याच्या पूर्ण हक्कालाही घोट्याची मर्यादा होतीच. नंतरचे पाणी त्याचे नव्हते.

आता हाच पाट शेकडो कोसांचा झाला आहे, अशी कल्पना करा. वरच्या अंगाला इथिओपिया, खाली सुदान, सर्वांत खाली इजिप्त. इजिप्तमध्ये पोहोचणाऱ्या नाईलच्या पाण्यापैकी सुमारे 85 टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातून येते. 1959 मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी करार करून हे पाणी आपसांत वाटून घेतले : इजिप्तला 55.5 अब्ज घनमीटर, सुदानला 18.5 अब्ज. ज्याच्या डोंगरांवर पाऊस पडतो, तो इथिओपिया त्या बैठकीत नव्हताच. 2011 मध्ये इथिओपियाने निळ्या नाईलवर प्रचंड धरण बांधायला घेतले. त्याची साठवण 74 अब्ज घनमीटर आहे. 2020 मध्ये ते भरू लागले आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. दरम्यान हा वाद दोनदा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जाऊन आला.

चांगल्या पावसाच्या वर्षी या वादाला फारशी धार नसते. वीज करून झालेले पाणी खालीच येते. खरा पेच सलग दुष्काळाचा आहे. तीन-चार वर्षे पाऊस रुसला तर धरणातून किती पाणी सोडायचे आणि ते बंधनकारक असावे की नाही, येथेच वाटाघाटी अडल्या आहेत. तापणाऱ्या हवामानाने नेमका हाच पेच आवळला आहे. या खोऱ्यातला एकूण पाऊस वाढेल की घटेल, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ओल्या आणि कोरड्या वर्षांमधली तफावत वाढत जाईल, हा इशारा वारंवार दिला जातो.

मी मराठवाड्यात, जायकवाडीच्या कालव्याकाठी वाढलो. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून पाणी सुटेल का, याची वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. समन्यायी वाटपाचा कायदा 2005 पासून आहे, तरी ती वाट पाहणे संपलेले नाही. म्हणून इजिप्तची बाजू मला चटकन पटते. आणि तशी ती पटते म्हणूनच मला ती पुन्हा तपासून पाहावी लागते. इथिओपियातील कोट्यवधी लोकांच्या घरी वीज नाही. 1984 च्या दुष्काळात तेथे लाखो माणसे मेली. त्यांनी पाणी साठवू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

साठवण हा अपराध नाही. हजरत यूसुफ (अ.) यांनी सात सुबत्तेच्या वर्षांत धान्य साठवले ते याच इजिप्तमध्ये. सूरह यूसुफ पुन्हा वाचा. दुष्काळ पडल्यावर ते कोठार फक्त इजिप्तसाठी राहिले नाही. कनआनहून परदेशी माणसे आली, त्यांनाही उंटागणिक माप भरून धान्य मिळाले. त्या परदेशी माणसांत विहिरीत ढकलणारे भाऊच होते.

आपल्या धर्मस्मृतीत या दोन्ही देशांना मोठा मान आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा मुस्लिमांना पहिला आसरा मिळाला तो हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरात. कुरैशांनी आणलेल्या भेटी नजाशीने परत केल्या. दुसरीकडे, इजिप्तच्या लोकांशी चांगले वागा, त्यांच्याशी आपले नाते आहे, अशा आशयाची ताकीद सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत हाजरा (रजि.) तिथल्याच होत्या.

आणखी एक गोष्ट येथे बोलल्याशिवाय राहवत नाही. जहाजाच्या खालच्या मजल्यावरील लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागतात आणि वरच्यांनी त्यांना रोखले नाही तर सगळेच बुडतात, ही हदीस आपण नेहमी सांगतो. आज मात्र भोक वरच्या मजल्यावरून पाडले जात आहे. जगाच्या लोकसंख्येत जवळपास पाचव्या हिश्शाच्या आफ्रिका खंडाचा कार्बन उत्सर्जनातील वाटा साधारण 4 टक्के आहे. उत्तरेच्या श्रीमंत देशांचा धूर आणि तेलावर श्रीमंत झालेल्या आपल्या काही बांधवांचाही धूर नाईलच्या पावसाला बिघडवतो, आणि भांडतात कैरो आणि अदिस अबाबा. त्या धुराचा हिशेब मागितला जात असताना आपण, मुस्लिम देशाचे नाव आले म्हणून, गप्प बसलो तर अन्सारीने घेतलेली शंका आपल्या बाबतीत खरी ठरेल.

जुबैर (रजि.) यांच्याकडे परत येतो. हबशाच्या पहिल्या हिजरतीत तेही होते. उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) सांगतात, की नजाशीवर शत्रू चालून आला तेव्हा रणभूमी नाईलच्या पलीकडे होती. बातमी कोण आणणार, असा प्रश्न आला. वयाने सर्वांत लहान असलेल्यांपैकी एक असलेले जुबैर पुढे झाले. त्यांच्यासाठी पखाल फुगवून देण्यात आली, ती छातीशी धरून त्यांनी नदी पार केली. अलीकडच्या तीरावर थांबलेली आश्रित माणसे तोवर नजाशीच्या विजयासाठी अल्लाहकडे दुआ करत होती.