बळ कोणासाठी?

करवीरनगरीत बलोपासनेला धर्माचे अधिष्ठान आहे. तालमीत मारुतीला वंदन केल्यावाचून मल्ल हौद्यात उतरत नाही, आणि राजर्षी शाहू छत्रपतींनी उभारलेले खासबाग मैदान त्या उपासनेची साक्ष देते. परंतु 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याच मैदानालगतचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा ज्वाळांशी झुंजणाऱ्या जवानांना ना प्रतिस्पर्धी निवडता आला, ना मुहूर्त. मल्लाचे बळ विजयाची अपेक्षा धरते. अग्निशामकाचे बळ अनोळखी जीवासाठी राखलेले असते, आणि निष्काम कर्म ते हेच.

म्हणून अग्निशमन केंद्रात व्यायामशाळेची तजवीज करताना देहाचे कौतुक करणारे आरसे वगळावेत. पाठीवर श्वसनयंत्र घेऊन चढण्याचा जिना, पाण्याने भरलेला होज ओढण्यास मोकळी जागा आणि बेशुद्ध माणसाच्या वजनाचा पुतळा एवढे अवश्य असावे. मात्र वर्दी कोणत्याही क्षणी येते, यास्तव अंगी त्राण उरेल इतकाच व्यायाम व्हावा. लंका जाळणाऱ्या मारुतीची तसबीरही तेथे खुशाल लावावी, कारण सामर्थ्य स्वभावतः ना पुण्य, ना पाप. ते कोणाच्या सेवेस रुजू होते, यावरच त्याचा निवाडा होतो. अशा खोलीचा खर्च महापालिकेच्या दप्तराने धर्मकृत्याच्या सदरी मांडावा.